सक्तीची सलामी

ऐन दिवाळीत हा कसला कडू विषय काढलात, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीतला पहिला मान लाडू-करंजीचा नसून कारिटाचा आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. तेव्हा अंकातली चार पाने कडवट निघाली तर संपादकांना बोल लावू नये.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. देशभक्ती ज्या दिवशी हुकमाने करावी लागते त्या दिवशी ती संपते. आणि जे देशभक्तीचे तेच देवभक्तीचे. यात नवे काही नाही. पण ज्या देशाने हे सत्य मोठी किंमत देऊन शिकून घेतले, तो अमेरिका देश ते पुनःपुन्हा विसरतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून आपल्याकडचे शहाणेही म्हणू लागतात, "बघा, तिकडेसुद्धा झेंड्यापुढे कोणाचे काही चालत नाही!" या शहाण्यांना तिकडचा पुरता इतिहास कोणी सांगितलेला दिसत नाही. तो आज सांगावा म्हणतो.

अमेरिकेतल्या शाळांत सकाळी मुले राष्ट्रध्वजासमोर उभी राहतात आणि छातीवर हात ठेवून निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. ही प्रतिज्ञा त्या राष्ट्राच्या संस्थापकांनी लिहिलेली नाही. वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन यांपैकी कोणी ती ऐकलीही नव्हती. ती १८९२ साली 'यूथ्स कंपॅनियन' नावाच्या मुलांच्या नियतकालिकात छापून आली. कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे होत होती. त्या उत्सवासाठी फ्रान्सिस बेलामी या गृहस्थांनी ती रचली. हे नियतकालिक शाळांना झेंडेही विकत असे. म्हणजे प्रतिज्ञेच्या पाठीशी भक्तीबरोबर थोडा व्यापारही होता. त्याला माझी हरकत नाही. आपल्या उत्सवांत तरी तो कुठे नसतो? ध्यानात ठेवायची गोष्ट निराळी आहे. बेलामी हे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते, आणि तरीही त्यांच्या मूळ प्रतिज्ञेत देवाचे नाव नव्हते. देवाला कोठे बोलवावे आणि कोठे बोलवू नये, हे त्या धर्मोपदेशकाला पुढच्या राजकारण्यांपेक्षा अधिक कळत होते असे दिसते.

उत्सवासाठी लिहिलेली ही प्रतिज्ञा हळूहळू रिवाज झाली, आणि रिवाजाचा पुढे अनेक ठिकाणी नियम झाला. नियम झाला की मोडणारा येतोच. तो १९३५ साली पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल या कोळशाच्या खाणींच्या गावात आला. कोणी बंडखोर नव्हे, कोणी नास्तिक नव्हे. १२ वर्षांची लिलियन गोबायटस आणि तिचा १० वर्षांचा भाऊ बिली! वडिलांचे किराणा मालाचे दुकान, आणि घराणे 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे. देवाखेरीज कोणत्याही प्रतिमेला वंदन करू नये ही बायबलातली आज्ञा हा पंथ अक्षरशः पाळतो, आणि त्याच्या लेखी ध्वजवंदन हे मूर्तिपूजेत मोडते. याच पंथाची माणसे त्या वेळी जर्मनीत हिटलरच्या नावाने हात वर करीत नाहीत म्हणून तुरुंगात पडत होती. आणि त्या काळची अमेरिकन ध्वजवंदनाची पद्धतही हात समोर ताठ करण्याचीच होती. ती नाझींच्या सलामीसारखी दिसते, हे अमेरिकन काँग्रेसच्या लक्षात येऊन १९४२च्या डिसेंबरात छातीवर हात ठेवण्याची पद्धत आली. दहा वर्षांच्या पोराला जे १९३५ साली खटकले, ते राष्ट्राच्या संसदेला कळायला सात वर्षे लागली.

आपण मूर्तिपूजक माणसे. झेंड्याला हात जोडल्याने देव कसा रुसेल, हे आपल्याला कळणे कठीण. न कळू दे. त्या मुलांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा प्रश्नच नाही. ते त्यांना मनापासून पटलेले होते, त्यांनी झेंड्याची विटंबना केली नव्हती, कोणाला शिवी दिली नव्हती; ती फक्त हात खाली ठेवून गप्प उभी होती. एवढ्यासाठी त्यांना शाळेतून काढले. गावाने वडिलांच्या दुकानावर बहिष्कार घातला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. ३ जून १९४० रोजी निकाल लागला, आणि आठ विरुद्ध एक अशा मतांनी मुले हरली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर हे कोणी दुष्ट गृहस्थ नव्हते. तसे असते तर वाद सोपा झाला असता. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा १२ वर्षांचा असताना, इंग्रजीचे अक्षर येत नसताना अमेरिकेत उतरला, आणि तिथल्या सरकारी शाळेने त्याला अमेरिकन केले. नागरी स्वातंत्र्यासाठी १९२० साली निघालेल्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा हात होता. त्यांचे म्हणणे असे, की राष्ट्राची एकी ही राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे, ती एकी प्रतीकांनी घडते, आणि ती कशी घडवायची हे लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना ठरवू द्यावे. युरोपात हिटलरची फौज फ्रान्स तुडवीत चालली होती. अशा वेळी कोणाला हे पटणार नाही?

एकाला पटले नाही. न्यायमूर्ती हार्लन स्टोन एकटे विरुद्ध उभे राहिले. पुढे काय झाले, ते आता ऐका.

निकालाला आठवडाही झाला नाही तोच मेन राज्यातल्या केनेबंक गावी जमावाने या पंथाचे प्रार्थनागृह पेटवून दिले. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुड गावी तर शेरीफच्या दुय्यमानेच पुढाकार घेतला. त्याने पंथाच्या माणसांना जबरदस्तीने एरंडेल पाजले आणि दोराने बांधून गावातून फिरवले. १९४०च्या मे ते ऑक्टोबर या अवघ्या सहा महिन्यांत ४४ राज्यांतल्या ३००हून अधिक गावांत सुमारे दीड हजार साक्षीदारांवर हल्ले झाल्याची नोंद त्याच नागरी स्वातंत्र्य संस्थेने केली. ज्या संस्थेला फ्रँकफर्टर यांनी जन्म देण्यास मदत केली, तिलाच त्यांच्या निकालाची फळे मोजावी लागली! न्यायालयाने "मारा" असे म्हटले नव्हते हे खरे. पण न्यायासनाने एकदा "यांची श्रद्धा राष्ट्राच्या एकीच्या आड येते" असे म्हटले, की गल्लीतल्या माणसाला त्याचा अर्थ "हे देशद्रोही आहेत" असाच लागतो. वरच्या मजल्यावरची सभ्य सक्ती रस्त्यावर उतरली की तिच्या हातात काठी येते.

आणि ज्या एकीसाठी हे सारे केले, ती एकी साधली का? दोन हजारांवर मुले शाळेबाहेर गेली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, १९४२च्या जानेवारीत, वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने ध्वजवंदन सक्तीचे केले. तिथला कायदा कसा होता पाहा. वंदन न करणाऱ्या मुलाला शाळेने काढून टाकायचे, आणि मग मूल शाळेत येत नाही म्हणून आईबापांवर खटला भरायचा! ५० डॉलरपर्यंत दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद. आपल्याच हाताने दार लावून घ्यायचे आणि बाहेरच्याला "आत का येत नाहीस?" म्हणून फटके मारायचे, अशातला हा प्रकार. एखाद्या फार्सात शोभावा. पण तो लहान मुलांच्या जिवावर चालला होता.

यावेळी बार्नेट घराण्यातल्या गॅथी आणि मेरी या दोन लहान बहिणी उभ्या राहिल्या. १४ जून १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने आपलाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी फिरवला. आधी मुलांच्या विरुद्ध मत दिलेल्या ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तिघा न्यायमूर्तींनी आपले मत बदलल्याचे उघड सांगितले. निकाल लिहिला रॉबर्ट जॅक्सन यांनी, जे पुढे न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांविरुद्ध अमेरिकेचे मुख्य वकील झाले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की राजकारण, राष्ट्रीयत्व, धर्म अशा बाबतींत काय शिरोधार्य मानावे हे ठरवून देण्याचा आणि ते नागरिकाकडून वदवून घेण्याचा अधिकार कोणत्याही लहानमोठ्या अधिकाऱ्याला नाही. आणि सक्तीने साधलेली एकवाक्यता ही अखेर स्मशानातली एकवाक्यता असते. फ्रँकफर्टर मात्र बदलले नाहीत. आपण स्वतः इतिहासातल्या सर्वांत छळल्या गेलेल्या अल्पसंख्य जमातीचे आहोत, ही आठवण देऊनही त्यांनी विरुद्ध मत नोंदवले.

जाता जाता एक बारीकशी गोष्ट सांगतो. न्यायालयाच्या दप्तरात गोबायटस घराण्याचे आडनाव चुकीचे नोंदले गेले, आणि बार्नेट घराण्याचेही. आजही कायद्याच्या पुस्तकांत ती चुकीचीच नावे चालतात. ज्या व्यवस्थेला नागरिकाचे नाव नीट लिहिता येत नाही, ती त्याच्या अंतःकरणातली निष्ठा मात्र हाताच्या कोनावरून अचूक ओळखू म्हणते!

येथवर देशभक्तीचे झाले. आता देवाकडे वळू. बरोबर अकरा वर्षांनी, पुन्हा १४ जून याच दिवशी, १९५४ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी प्रतिज्ञेत "ईश्वराधीन" या अर्थाचे दोन शब्द घालणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये जॉर्ज डॉकर्टी या धर्मोपदेशकांनी आयझेनहॉवर समोर बसले असताना प्रवचन दिले होते. देवाचे नाव नसलेली प्रतिज्ञा मॉस्कोतली पोरेसुद्धा आपल्या झेंड्यापुढे म्हणू शकतील, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे देव आला तो भक्तीने बोलावला म्हणून नव्हे, रशियाला वेडावून दाखवण्यासाठी! दोन वर्षांनी देवावरील विश्वासाचे वाक्य राष्ट्राचे ब्रीद ठरले आणि नोटांवरही येऊ लागले. हेच वाक्य सोन्याच्या नाण्यांवर नको, कारण पैशावर देवाचे नाव कोरणे हा देवाचाच अपमान आहे, असे १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी म्हटले होते. काँग्रेसने पुढल्याच वर्षी त्यांना गप्प केले. रूझवेल्ट कच्चे ख्रिस्ती होते असे कोणी म्हणणार नाही.

मी माझ्या आस्तिक वाचकांना विचारतो, सरकारने देवाचे नाव घ्यायला लावले की भक्ती वाढते का? आणि कोणत्या देवाचे नाव? २००७ सालच्या जुलैत अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदाच एका हिंदू पुरोहितांना प्रारंभीची प्रार्थना म्हणण्यासाठी बोलावले होते. त्यांनी तोंड उघडताच प्रेक्षकांच्या सज्जातून तिघांनी आरडाओरडा सुरू केला. ही प्रार्थना म्हणजे पाखंड, असे त्यांचे म्हणणे. पोलिसांनी त्यांना धरून बाहेर काढले आणि प्रार्थना पुरी झाली. १९५४ सालच्या कायद्यातला देव सर्वांचा आहे, असे वकील न्यायालयात सांगतात; तो कोणाचा आहे असे जनमानसात धरले जाते, ते त्या सज्जाने सांगितले. म्हणून जे हिंदू, शीख, मुसलमान तिकडे राहतात त्यांनी सरकारी देवभक्तीचे टाळ कुटताना जरा थांबावे. सरकारच्या दारात देव बसवला, की तो आपला निघेल याची खात्री काय?

अमेरिकेच्या खऱ्या धार्मिकांना हे फार पूर्वी उमगले होते. सक्तीच्या उपासनेला विरोध केल्याबद्दल मॅसॅच्युसेट्समधून घालवून दिलेले रॉजर विल्यम्स, ज्यांनी १६३६ साली प्रॉव्हिडन्स वसवले, हे कट्टर धर्मनिष्ठ गृहस्थ होते. धर्म आणि शासन यांमध्ये भिंत हवी हे जेफर्सन यांनी १८०२ साली ज्यांना लिहिले, ते डॅनबरीचे बाप्टिस्टही भाविक माणसे होती. भिंत बांधली ती देवळाच्या रक्षणासाठी. नास्तिकाला तिच्या सावलीत बसता आले, तर तो फायदा वरकड.

आता प्रतिपक्षाचा हुकमाचा एक्का घेऊ. "न म्हणणे एक वेळ सोसू, पण कोणी झेंडाच जाळला तर?" मला झेंडा जाळणारा आवडत नाही. मला तो असभ्य, उथळ आणि बहुधा प्रसिद्धीचा हपापलेला वाटतो. पण १९८४ साली डल्लासमध्ये झेंडा जाळणाऱ्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली, तेव्हा त्या पाचांत कडव्या परंपरावादी अँटोनिन स्कॅलिया यांचे मत होते. माझ्या हाती असते तर अशा माणसाला मी तुरुंगात टाकले असते, पण मी राजा नाही, असे ते पुढे सांगत. न्यायाधीशाला राग येणे साहजिक आहे; राग आला असूनही मत न ढळणे, याला न्याय म्हणतात. काँग्रेसने लगेच नवा कायदा केला. तो अमलात येताच निषेध म्हणून झेंडे जाळले गेले, आणि १९९० साली तोही कायदा रद्द झाला. २००६ साली घटनादुरुस्ती सिनेटमध्ये एका मताने पडली. तरी खोड जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी झेंडा जाळणाऱ्यांवर जमेल त्या कायद्याखाली खटले भरण्याचा आदेश काढलाच. जाळणाऱ्याला जे हवे असते, ते सारा देश आपल्याकडे पाहतो आहे हे समाधान, सरकार त्याच्या हाती फुकट देते.

आणि झेंडा जाळणारा सोडा, गुडघा टेकणाऱ्याचे काय केले? फुटबॉलपटू कॉलिन केपर्निक २०१६ साली पोलिसांकडून कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला; मग एका माजी सैनिकाशी बोलून, सैनिकांचा मान राहावा म्हणून, गुडघा टेकू लागला. चर्चमध्ये गुडघा टेकला तर नम्रता, मैदानात टेकला तर देशद्रोह! त्या हंगामानंतर कोणत्याही संघाने त्याला खेळवले नाही. न्यायालयाने मनाई केलेली सक्ती बाजार आणि जमाव कसे बिनबोभाट करतात, त्याचा हा नमुना आहे. कायद्याने हक्क मिळतो. तो वापरणाऱ्याला शेजाऱ्याने सोसायची तयारी मात्र कायद्याने येत नाही.

येथे कोणी डॉ. आंबेडकरांचा दाखला काढील. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना बाबासाहेबांनी गिटलो विरुद्ध न्यूयॉर्क हा अमेरिकन खटला पुढे ठेवून, तिकडचे मूलभूत हक्कही निरपवाद नाहीत, हे ठणकावून सांगितले होते. अगदी खरे. हिंसेला चिथावणाऱ्या जिभेला आवर घालावा लागतो, हे मलाही मान्य आहे. पण जिभेला आवर घालणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द कोंबणे वेगळे. पहिल्याने राज्य कदाचित सुरक्षित होईल. दुसऱ्याने फक्त खोटे बोलणाऱ्यांची संख्या वाढते.

हे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने ओळखले होते. १९८५ साली केरळातल्या तीन भावंडांना शाळेतून काढले. तीही याच पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी यांनी निकाल देताना मायनर्सव्हिल आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन्ही खटल्यांचा परामर्श घेतला, आणि आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान व आपली घटना ही तिन्ही सहिष्णुतेची आहेत, ती पातळ होऊ देऊ नका, असे बजावून मुलांना परत शाळेत घ्यायला लावले. तरीही २०१६च्या नोव्हेंबरात चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे झाले, आणि ती सक्ती उठायला २०१८चा जानेवारी उजाडावा लागला. अमेरिकेच्या चुका आपण तिच्याहून नंतर करतो, एवढाच काय तो फरक.

आज न्यू जर्सीच्या शाळांत आपली मराठी नातवंडे रोज सकाळी ती प्रतिज्ञा म्हणतात, आणि इकडे आजी-आजोबा ते कौतुकाने सांगतात. कौतुक करावेच. ज्या मातीत राहायचे तिच्यावर मुलांनी माया करावी, यात वावगे ते काय? पण त्यांना हेही समजावून सांगावे, की ही प्रतिज्ञा न म्हणण्याचा हक्क त्यांना आहे, आणि तो कोळशाच्या गावातल्या किराणा दुकानदाराच्या पोरांनी मार आणि बहिष्कार सोसून मागितलेला आहे. शेजारच्या बाकावरचे मूल गप्प उभे राहिले, किंवा उभेच राहिले नाही, तर त्याच्याकडे बोट दाखवायचे नाही.

झेंडा हे कापड आहे असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या कापडासाठी माणसे मेली आहेत. पण ती ज्या गोष्टीसाठी मेली, ती गोष्ट एका लहान मुलीच्या मौनाने धोक्यात येत असेल, तर ती वाचवण्याजोगी तरी उरली होती का? ज्या राष्ट्राला आपल्या लेकरांच्या प्रेमाची खात्री आहे, ते त्यांचे हात मोजीत बसत नाही.